नारिंगी रेषेचा इतिहास

पदार्थविज्ञानाच्या अर्वाचीन शाखांपैकीं पुंजयामिकीइतकी वंदिली गेलेली आणि तितकीच कमी समजून घेतलेली शाखा क्वचितच दुसरी असेल. ‘क्वांटम’ हा शब्द आज विद्वानांच्या व्याख्यानांत, औषधांच्या जाहिरातींत आणि अध्यात्मावरील प्रवचनांत सारख्याच सढळ हातानें योजिला जातो. या शास्त्राच्या उगमाविषयीं आमच्या सुशिक्षित मंडळींत दोन मतें विशेष रूढ आहेत. पहिलें असें कीं, युरोपांतील चारदोन अलौकिक बुद्धीच्या पुरुषांच्या मस्तकांतून हें शास्त्र निघालें व आमच्या भूमीचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. दुसरें नेमकें उलट : यांतील सारें आमच्या उपनिषदांत आधींच सांगितलेलें असून पाश्चात्त्यांना तें उशिरां उमगलें, इतकेंच. हीं मतें परस्परविरुद्ध दिसलीं तरी त्यांचें मूळ एकच आहे. हें शास्त्र निव्वळ चिंतनांतून जन्मलें, असें दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात.

आमच्या मतें इतिहास या गृहीताला दुजोरा देत नाहीं. पुंजयामिकी ही कोणी आवडीनें स्वीकारलेली विचारसरणी नव्हे. हट्टी मापनांनीं शास्त्रज्ञांवर लादलेली ती एक निरुपाय व्यवस्था आहे. आणि हीं मापनें ज्या ज्या ठिकाणीं झालीं, त्यांत मराठी मुलखांतील कांहीं स्थळेंहि आहेत. आम्ही ज्या नरखेड तालुक्यांत बसून हें लिहीत आहों, त्याच्या सीमेवरील मोवाडला लागून वर्धा नदी वाहते; तीच पुढें ज्या पुलगांवाजवळून जाते, तेंहि त्यांपैकीं एक होय. हा इतिहास एका नारिंगी रंगाच्या रेषेच्या आधारानें सांगावा, असें आम्हीं योजिलें आहे.

ता. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं हिंदुस्थानांतून खग्रास सूर्यग्रहण दिसलें. त्या वेळेपर्यंत वर्णपटदर्शक हें नवें साधन शास्त्रज्ञांच्या हातीं आलें होतें. एखादा तापलेला वायु जो प्रकाश देतो, तो लोलकांतून पाहिला असतां सलग सप्तरंगी पट्टा न दिसतां ठराविक जागीं कांहीं तेजस्वी रेषाच दिसतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा निराळ्या असतात, हें किर्खोफ व बुन्सेन यांनीं १८६० च्या सुमारास दाखवून दिलें होतें. ग्रहणांत सूर्याच्या कडेवर ज्या तांबूस ज्वाला दिसतात त्या कशाच्या, हा प्रश्न या साधनानें सुटेल अशी आशा होती. फ्रेंच ज्योतिषी जान्सेन गुंटूर येथें होता. आणि सर्व्हे खात्यांतील लेफ्टनंट जॉन हर्शेल हा पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानांत यंत्र लावून बसला होता. विल्यम हर्शेल या प्रसिद्ध ज्योतिष्याचा हा नातू. ढगांनीं त्याला बराच त्रास दिला. तरी मधल्या उघडिपींत त्याला ज्वालेच्या वर्णपटांत तीन तेजस्वी रेषा दिसल्या : एक तांबडी, एक नारिंगी व एक निळी. म्हणजे ज्वाला वायूच्याच होत्या. नारिंगी रेषा सोडियमच्या सुपरिचित रेषेशीं जुळती आहे, असें त्याला आपल्या मापनाच्या मर्यादेंत वाटलें.

ती जुळत नव्हती. त्याच वर्षीं ता. २० ऑक्टोबर रोजीं नॉर्मन लॉकियर यानें इंग्लंडांत, ग्रहण नसतांनाच, सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. आणि ती रेषा सोडियमच्या रेषांपासून किंचित् सरकलेली आहे असें पुढें निश्चित झालें. सोडियमच्या दोन रेषा ५८९.६ व ५८९.० नॅनोमीटरवर, आणि ही ५८७.६ वर! दीड नॅनोमीटरहूनहि कमी असलेल्या या अंतरावरून एका नव्या मूलद्रव्याचें अस्तित्व अनुमानिलें गेलें व सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्याला हेलियम असें नांव मिळालें. पृथ्वीवर तें द्रव्य १८९५ त रॅम्झेच्या हातीं लागेपर्यंत अनेक रसायनशास्त्रज्ञ या अनुमानास हंसत होते.

येथें एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणें प्राप्त आहे. हेलियमचा शोध १८६८ मध्यें कोंकणांतील विजयदुर्ग किल्ल्यावरून लॉकियरनें लाविला, असें आपल्याकडे आवर्जून सांगितलें जातें. तेथील ‘साहेबाचे कट्टे’ही दाखविले जातात. लॉकियर विजयदुर्गास आला होता, हें खरें. पण तें १८९८ सालीं. ता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं त्यानें तेथें आपला तळ दिला होता. १८६८ त तो हिंदुस्थानांत नव्हता. तीस वर्षांच्या अंतरानें झालेलीं दोन ग्रहणें लोकस्मृतीनें एकत्र केलीं आणि शोधाचा मान किल्ल्याला दिला. यांत अभिमानाचा हेतु असेल. परंतु या खोट्या मानापायीं जमखिंडीचें खरें निरीक्षण विसरलें गेलें आणि १८९८ चें ग्रहणहि. आम्हांस वाईट वाटतें तें याचें.

कारण १८९८ सालचें तें ग्रहण महाराष्ट्राच्या छातीवरून गेलें. विजयदुर्गाहून चंद्रच्छाया सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें आली. तेथें लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता; आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला हेहि आपलीं यंत्रें घेऊन हजर होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून पुण्यास उभारलेल्या तख्तसिंगजी वेधशाळेचे हे चालक. हिंदी माणसानें स्वतःच्या वेधशाळेच्या साधनांनीं ग्रहणाचा वर्णपट टिपण्याचा हा आरंभीचा प्रसंग आमच्या पाठ्यपुस्तकांत कोठें आढळत नाहीं. पुढें छाया वऱ्हाडांत शिरून तळणी व पुलगांव या रेल्वे-स्थानकांवरून शहडोलकडे गेली. पुलगांवास केंब्रिजच्या न्यूऑलची तुकडी होती. तळणीस ब्रिटिश ज्योतिष-मंडळाची तुकडी होती व तींत जॉन एव्हरशेड हा गृहस्थ होता. सुमारें दोन मिनिटांच्या त्या अंधारांत एव्हरशेडनें जीं छायाचित्रें घेतलीं, त्यांत हायड्रोजनच्या रेषांची मालिका एकमेकींच्या अधिकाधिक निकट येत अतिनील भागांत संपलेली दिसली. आणि ती जेथें संपते तेथून पुढें रेषा नव्हत्या, फिकट पण अखंड प्रकाशाचा पट्टा होता.

हें काय होतें, तें त्या वेळीं कोणालाच सांगतां आलें नसतें. हायड्रोजनच्या रेषांचा क्रम मात्र ठाऊक होता. स्वित्झर्लंडांतील बामर नांवाच्या एका शाळामास्तरानें १८८५ त तो शोधून काढला होता : ३६४.५६ या संख्येस ९/५ नें गुणिलें कीं ६५६.२ येतात, १६/१२ नें गुणिलें कीं ४८६.१, आणि हींच त्या वायूच्या तांबड्या व निळसर रेषांचीं तरंगमानें. पूर्णांक घालावे आणि निसर्गाच्या रेषा निघाव्या! पण कां, याला उत्तर नव्हतें. जुन्या यामिकीप्रमाणें अणूंतील विद्युत्कण कोणत्याहि वेगानें फिरूं शकतो. तेव्हां त्याचा प्रकाश सर्व रंगांचा असावयास हवा. ठराविक रेषा हें त्या शास्त्राला न पेलणारें कोडें होतें.

उत्तराचा पहिला धागा भलतीकडेच सांपडला. तापलेल्या भट्टीच्या प्रकाशांत कोणता रंग किती, याचीं बर्लिन येथें झालेलीं अचूक मापनें जुन्या सिद्धान्ताशीं जुळेनात. ता. १४ डिसेंबर १९०० रोजीं माक्स प्लांक यानें एक गृहीत मांडलें : ऊर्जा सलग धारेसारखी दिली-घेतली जात नाहीं, ती लहान लहान पुंजांनीं दिली-घेतली जाते, व प्रत्येक पुंजाचें मान प्रकाशाच्या कंपनसंख्येच्या प्रमाणांत असतें. प्लांक स्वभावानें क्रांतिकारक नव्हता; आपलें गृहीत जुन्या चौकटींत कसें बसेल, याच्याच विवंचनेंत त्यानें पुढील कित्येक वर्षें घालविलीं. १९०५ त आइन्स्टाइननें त्यापुढें पाऊल टाकलें : प्रकाश स्वतःच अशा पुंजांचा बनलेला आहे, असें धरल्यास धातूवर प्रकाश पडतांच इलेक्ट्रॉन कां सुटतात व तांबड्या प्रकाशानें जें होत नाहीं तें जांभळ्यानें कां होतें, हें उलगडतें. मिलिकन या अमेरिकन प्रयोगकर्त्याला हें मत मुळींच पटलें नव्हतें. त्यानें सुमारें दहा वर्षें मापनें करून १९१६ सालीं आइन्स्टाइनचें समीकरण तंतोतंत खरें ठरविलें! आज या तालुक्यांतील एखाद्या बागेंत सौरपंप चालतो तेव्हां प्रकाशाचे हेच पुंज सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनांना एकेक करून जागचे उठवीत असतात. पुंज इतके सूक्ष्म कीं, नारिंगी प्रकाशाच्या एका वॅटमध्यें दर सेकंदास तीनावर अठरा शून्यें इतके असतात. म्हणूनच प्रकाश आपणांस सलग भासतो.

१९१३ मध्यें नील्स बोर यानें हाच विचार अणूला लावला. अणूंतील इलेक्ट्रॉनला जिन्याच्या पायऱ्यांसारखीं ठराविक ऊर्जास्थानेंच मोकळीं आहेत. वरच्या पायरीवरून खालीं येतांना तो फरकाइतका एक पुंज देतो, तीच रेषा. बामरचे पूर्णांक हे पायऱ्यांचे क्रमांक ठरले. आणि तळणीचा तो अखंड पट्टाहि उलगडला : जो इलेक्ट्रॉन अणूपासून सुटून मोकळा फिरत आहे त्याला पायऱ्या नसतात, तो कोणत्याहि वेगानें येऊन अणूंत पडूं शकतो, म्हणून त्याचा प्रकाश सलग असतो. बद्धाला पायऱ्या, मुक्ताला नाहीं. पुंजविज्ञानाचा हा पाया पंधरा वर्षांपूर्वीं वऱ्हाडांत एका काचेवर उमटून राहिला होता.

परंतु जमखिंडीची नारिंगी रेषा बोरलाहि वश झाली नाहीं. हायड्रोजनमध्यें इलेक्ट्रॉन एक, हेलियममध्यें दोन. आणि दोन झाले कीं बोरचा हिशेब चुकूं लागे. शिवाय हेलियमच्या रेषांचीं दोन वेगळीं कुळें होतीं व त्यांचा परस्परांत व्यवहार जवळजवळ नव्हता. प्रारंभीं तर हे दोन वायु असावे, असाहि तर्क झाला. कोंडी फुटली ती १९२४ ते १९२७ या चार वर्षांत. द ब्रॉयनें सुचविलें कीं, इलेक्ट्रॉनलाहि तरंगरूप आहे. तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांस बांधलेली असल्यामुळें तिच्यांतून ठराविकच स्वर निघतात. तसाच अणूंत कोंडलेला तरंग ठराविकच ऊर्जा धारण करूं शकतो. पायऱ्यांचें रहस्य हें. १९२५ त हायझेनबर्गनें व १९२६ त श्रोडिंगरनें या कल्पनेचें गणित दोन वाटांनीं सिद्ध केलें, आणि १९२७ त डेव्हिसन व जर्मर यांनीं निकेलच्या स्फटिकावरून इलेक्ट्रॉनांचे खरोखरीचे तरंगासारखे परावर्तन दाखविलें.

तरंगांत कोंडलेल्या या पायऱ्यांचें उदाहरण नरखेडच्या वाचकांच्या अंगणांतच आहे. अंबिया बहाराचें संत्रें पिकतें तेव्हां सालींत कॅरोटिनॉइड नांवाचीं द्रव्यें दिसूं लागतात. त्यांच्या रेणूंत कार्बन अणूंची लांबच लांब सांखळी असते व कांहीं इलेक्ट्रॉन त्या सांखळीभर पसरलेले असतात. सांखळीची लांबी तारेच्या लांबीसारखी : तिच्यावरून पायऱ्यांमधील अंतर ठरतें, आणि तें नेमकें निळ्या प्रकाशाच्या पुंजाइतकें भरतें. निळा प्रकाश शोषला जातो व उरलेला नारिंगी दिसतो. सूर्यकडेवरील नारिंगी हा एकाच उडीचा शुद्ध रंग; संत्र्याचा नारिंगी हा वजाबाकीनें उरलेला रंग. नियम मात्र दोहोंचा एकच.

हे तरंग कशाचे, या प्रश्नास माक्स बोर्न यानें १९२६ त दिलेलें उत्तर सर्वांत धक्कादायक होतें. ते संभाव्यतेचे तरंग होत. दोन फटींपलीकडील पडद्यावर इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले असतां प्रत्येक जण एकाच ठिपक्यावर आदळतो. पण हजारों ठिपके जमल्यावर तरंगांच्या मिलाफाचे पट्टे उमटतात. पुढला ठिपका कोठें पडेल हें सांगतां येत नाहीं. पट्टे कोठें पडतील तें बिनचूक सांगतां येतें. कोणत्या फटींतून कण गेला हें पाहण्याची व्यवस्था केली कीं पट्टे नाहींसे होतात. हायझेनबर्गनें १९२७ त मांडलेलें अनिश्चिततेचें तत्त्व हेंच सांगतें : स्थान व संवेग या दोहोंना एकाच वेळीं अमर्याद नेमकेपणा नाहीं. ही यंत्राची उणीव नव्हे. आणि यांतून ‘जगांत कांहींच निश्चित नाहीं’ असेंहि निघत नाहीं. अनिश्चिततेलाच येथें नेमकें माप आहे.

हेलियमचें कोडेंहि १९२६ तच हायझेनबर्गनें सोडविलें. दोन इलेक्ट्रॉन हे दोन जुळ्या भावांसारखे नव्हत. जुळ्यांना निदान नांवें तरी निराळीं असतात. इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली तरी निसर्गांत कांहींहि फरक पडत नाहीं. या अभिन्नतेला पाउलीच्या निषेधतत्त्वाची जोड दिली, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन सर्वांशीं एकाच अवस्थेंत राहूं शकत नाहींत हें मानलें, कीं हेलियमचीं दोन कुळें आपोआप निघतात : एकांत दोहोंची फिरक समांतर, दुसऱ्यांत विरुद्ध. नारिंगी रेषा पहिल्या कुळांतील. जमखिंडीस दिसलेल्या रेषेची उपपत्ति लागावयास अठ्ठावन वर्षें लागलीं.

याच अभिन्नतेच्या दुसऱ्या बाजूचा शोध हिंदुस्थानांत लागला. १९२४ मध्यें ढाक्का येथें सत्येंद्रनाथ बोस यांनीं प्रकाशपुंज परस्परांपासून ओळखतां येत नाहींत असें धरून त्यांची गणना केली व प्लांकचा नियम सरळ सिद्ध केला. आइन्स्टाइननें तो लेख स्वतः जर्मनमध्यें आणून छापविला. आणि १९२८ त, ता. २८ फेब्रुवारी रोजीं, कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं कृष्णन् यांच्या सहाय्यानें दाखविलें कीं, एका रंगाचा प्रकाश द्रवांतून विखुरतांना त्याचा अल्पसा भाग रंग बदलून बाहेर पडतो. पुंज रेणूला थोडी ऊर्जा देऊन जातो, आणि ती देवघेवसुद्धां पायऱ्यांनींच होते. आरंभींच्या प्रयोगांत त्यांचीं साधनें सूर्यप्रकाश, रंगीत गाळण्या व डोळा एवढींच होतीं. हेच रामन् १९१० सालीं सरकारी अर्थखात्याचे अधिकारी म्हणून नागपुरास होते, हें नागपूरकरांपैकीं किती जणांस ठाऊक आहे?

राहिलेल्या चमत्कारांपैकीं तिघांचा उल्लेख केल्याविना हा आढावा पुरा होणार नाहीं. पहिला, अडथळा भेदून जाण्याचा. १९२८ त गॅमॉव्हनें, व स्वतंत्रपणें गर्नी आणि काँडन यांनीं, दाखविलें कीं तरंगरूपामुळें कण ज्या टेकाडावर चढण्याइतकी ऊर्जा त्याच्यापाशीं नाहीं त्याच्या पलीकडेहि क्वचित् सांपडतो. सूर्याच्या गाभ्यांतील सुमारें दीड कोटि अंश उष्णताहि हायड्रोजनच्या केंद्रांचा परस्परविरोध मोडण्यास जुन्या हिशेबानें अपुरी आहे. या भेदनामुळेंच त्यांचें हेलियम होतें. हें भेदन नसतें तर ज्या उन्हांत आमचीं संत्रीं पिकतात तें ऊनच पडलें नसतें.

दुसरा चमत्कार पुन्हां हेलियमचाच. १९०८ त कामर्लिंग ओन्नेसनें लायडन येथें त्याला द्रवरूप दिलें. शून्याखालीं २६९ अंशांवरील त्या थंडीच्या सहाय्यानें १९११ त पाऱ्याचा विद्युत्-विरोध एकाएकीं नाहींसा झालेला आढळला, हीच अतिसंवाहकता. १९३८ मध्यें कापित्सा, तसेच ॲलन व माइझ्नर, यांना दिसलें कीं, आणखी थंड केलेला द्रव हेलियम घर्षणावांचून वाहतो. तो भांड्याच्या भिंतीवरून पातळ थरानें चढून बाहेरहि जातो. साध्या दाबाखालीं तर तो कितीहि थंड केला तरी गोठत नाहीं, कारण अनिश्चिततेचें तत्त्व त्याच्या अणूंना स्वस्थ बसूं देत नाहीं. आज इस्पितळांतील एमआरआय यंत्राचें अतिसंवाहक चुंबक ज्या द्रवानें थंड राखिलें जातें, तें जमखिंडीच्या नारिंगी रेषेचेंच द्रव्य होय.

तिसरा चमत्कार दोन कणांच्या गुंफणीचा. एकत्र जन्मलेले दोन कण दूर गेले तरी त्यांचें वर्णन वेगवेगळें करतां येत नाहीं. एकाचें मापन केलें कीं दुसऱ्याच्या फलाशीं त्याचा मेळ दिसतो. १९३५ त आइन्स्टाइननें दोघा सहकाऱ्यांसह यावर आक्षेप घेतला : हें शास्त्र अपुरें असलें पाहिजे, कणांजवळ आधींपासूनच ठरलेलीं गुप्त उत्तरें असलीं पाहिजेत. तीस वर्षें हा वाद तत्त्वज्ञानाचा मानला गेला. १९६४ त जॉन बेल यानें दाखविलें कीं, अशीं उत्तरें कणांनीं सोबत नेलेलीं असतील, तर कांहीं मापनांतील मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊं शकत नाहीं. १९७२ पासून क्लॉसर, अस्पे व झायलिंगर यांच्या प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली. तिघांस २०२२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. या मेळाच्या द्वारें संदेश मात्र धाडतां येत नाहीं.

आतां प्रारंभींच्या मतांकडे वळूं. श्रोडिंगरला उपनिषदांची मनापासून गोडी होती, हें ऐतिहासिक सत्य आहे. परंतु त्याचें समीकरण मान्य झालें तें हायड्रोजनच्या रेषा बरोबर आल्या म्हणून. त्या चुकल्या असत्या तर कोणतेंहि दर्शन त्याच्या साह्यास येऊं शकलें नसतें. आइन्स्टाइनसारख्याचा आक्षेपहि अधिकारानें निकालांत निघाला नाहीं, प्रयोगानें निघाला. वेदान्ताचा अधिकार निराळा, त्याचें प्रमाण निराळें. त्याला दीड नॅनोमीटरच्या साक्षीची गरज नाहीं आणि ती साक्ष त्याच्या बाजूनें ओढून आणणें हा दोहोंचाहि अनादर होय. तसेंच, हें सारें परक्यांचें असें म्हणून स्वस्थ बसणेंहि खरें नव्हे. जेऊरला नायगांववाला होते, ढाक्क्याला बोस होते, कलकत्त्याला रामन् होते.

२०२३ च्या एप्रिलांत केंद्र सरकारनें राष्ट्रीय क्वांटम अभियानास ६,००३.६५ कोटि रुपये मंजूर केले. मुंबईच्या आयआयटीकडे पुंजाधारित सूक्ष्म संवेदनाचें काम आलें आहे. पैसा व यंत्रें यांनीं बरेंच साधेल. पण या शास्त्राचा इतिहास ज्या एका गुणावर उभा आहे तो विकत मिळत नाहीं : आपल्या आवडीच्या मतापेक्षां मापनाला मोठें मानण्याची संवय. ती संवय अंगीं बाणावयाची तर आरंभ घरापासून व्हावा. विजयदुर्गावर लॉकियरची आठवण अवश्य राहावी, पण तिच्यावर १८९८ हें साल असावें; आणि जमखिंडी, जेऊर, पुलगांव व तळणी येथेंहि त्या ग्रहणांची खूण म्हणून निदान एकेक दगड उभा राहावा. आमच्या तालुक्यांतून नागपुरास विज्ञान शिकावयास जाणाऱ्या मुलास अभिमान बाळगावयाचाच असेल, तर त्याला खरा अभिमान बाळगण्याजोगें पुरेसें आहे.